गल्लीतल्या खिरापतीचा डबा

मित्रांनो, मला उघडण्याआधी एकदा हलवून बघा. आजवर ज्यांनी ज्यांनी मला हातात घेतलं, त्यांनी आधी हेच केलं आहे. एकदम झाकणाला हात घालणाऱ्या माणसाशी माझं कधी फारसं जमलं नाही.

मी एक जुना पितळी डबा आहे. गोल, बसका, पोट थोडं सुटलेलं. झाकणाला बिजागरी, पुढे कडी-कोयंडा, आणि डाव्या अंगाला एक पोचा. त्या पोच्याची हकिगत पुढे येईलच. सध्या माझा मुक्काम अकोल्याला आहे, शिवणयंत्राशेजारच्या फळीवर. पोटात सदऱ्याच्या गुंड्या आहेत, हुक आहेत, दोऱ्याची रिळं आहेत आणि एक मोडकी सुईसुद्धा आहे, तेव्हा हात घालताना जपून. पण मी काही जन्मभर गुंड्या सांभाळल्या नाहीत. एके काळी अमरावतीच्या एका अख्ख्या गल्लीचं गुपित रोज संध्याकाळी माझ्या पोटात असायचं.

माझा जन्मही अमरावतीचाच. परकोटाच्या, म्हणजे शहराच्या जुन्या तटाच्या आत एका तांबटाच्या दुकानात मी घडलो. आधी नुसता सपाट पत्रा होतो. त्याने मला तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं. आतून कल्हई झाली, झाकण बसलं, तेव्हा त्याने मला कानाशी धरून बोटाच्या पेराने टकटक केलं आणि शेजारच्याला म्हणाला, "आवाज गोड आहे गड्या याचा." माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. पुढे मी चिंचेने आणि राखेने घासून कितीही चकचकीत झालो तरी मला अभिमान वाटला तो आवाजाचाच.

वलगावच्या एका माळ्याने मला आपल्या लेकीच्या रुखवतासाठी विकत घेतलं. लेकीचं नाव मनकर्णा. तिचं सासर अमरावतीचं, अंबादेवीच्या देवळाबाहेर हारफुलं विकणारं. लग्न झालं आणि मनकर्णा रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून सासरी निघाली, ती मला मांडीवर घेऊनच. रस्त्यात रडू आलं की ती माझी कडी वरखाली करायची. सासरच्या गल्लीत पोचेपर्यंत माझी कडी चांगली सैल झाली होती. तेव्हापासून मी हललो की आधी कडी वाजते, मग आतलं काय असेल ते.

तुम्ही वऱ्हाडातले असाल तर भुलाबाई तुम्हांला सांगायला नकोच. नसाल तर सांगतो. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी घरात येतात, ज्वारीच्या हिरव्या धांड्यांच्या मखरात पाटावर बसतात आणि थेट कोजागिरीपर्यंत राहतात. तो सगळा महिना दिवेलागणीला मुली घरोघर जायच्या, टाळ्या वाजवत गाणी म्हणायच्या. गाणी झाली की खिरापत. पण खिरापत अशी आयती हातावर पडत नाही. ती ओळखावी लागते.

आमच्या गल्लीत त्यासाठी मी होतो. ज्या घरची पाळी असेल त्या घरी दुपारीच मला पोचवलं जाई. घरची बाई चोरून माझ्यात काहीतरी भरायची आणि कडी लावायची. संध्याकाळी गाणी संपली की एकेका मुलीने मला कानाशी धरायचं, एकदाच हलवायचं आणि एकदाच नाव घ्यायचं. जिचं बरोबर येईल तिने कडी काढायची आणि सगळ्यांना आपल्या हाताने वाटायचं. हा मान एवढा मोठा की त्यासाठी मुली दुपारभर एकमेकींच्या चुलीशी वास घेत फिरायच्या.

फुटाणे असले की मी खडखडायचो. लाह्या असल्या की नुसती कुजबुज. उकडलेले शिंगाडे धपाधप आपटायचे. वाटली डाळ मात्र रुसून बसल्यासारखी गप्प राहायची, आणि मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसायच्या. लहान मुलींच्या हातून मी पडू नये म्हणून आया ओट्यावरून ओरडायच्या, "दोन्ही हातानं धर वं!" समई परकरांच्या फार जवळ आहे का, कोणाचा पाय नालीत जातो का, हे मीही त्यांच्याबरोबर बघत असे. त्या काळी, वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा तेव्हा, मुलींना संध्याकाळी घराबाहेर पडायला दुसरं काय होतं? वडाळीच्या तलावावर जाणं व्हायचं ते सणासुदीला. बाकी गल्ली हीच त्यांची बाग आणि गल्ली हीच जत्रा.

अशी कितीतरी वर्षं गेली. मनकर्णाची मनकर्णाबाई झाली, मग गल्लीची मनकर्णाआजी झाली. आणि एका उन्हाळ्यात समोरच्या घरात सत्यभामा राहायला आली.

सत्यभामा दर्यापूरकडच्या शेतकरी घरातली. बापाने हौसेने अमरावतीला ठेवून तिला कॉलेजात घातलं होतं, आणि लग्न ठरेपर्यंत ती शिकली होती. नवरा महादेवराव कचेरीत कारकून. गल्लीत तिचं नाव पडलं 'कालिजवाली'. ती पाणी उकळून गाळायची. विहिरीच्या काठावर फळी टाका म्हणून तिने घरमालकाशी भांडण काढलं होतं. कल्हईवाल्याची भट्टी पेटली की ती आपली मुलगी उचलून घरात न्यायची. तिची नजर सारखी भिरभिरत असे, कुठे काच, कुठे काटा, कुठे मोकाट गाय. आणि हे सगळं त्या एका मुलीसाठी.

मुलगी सुभद्रा. शाळेत नुकतीच जाऊ लागलेली, सावळी, मोठ्या डोळ्यांची. लहानपणी तिला गोवर निघाला होता. ताप उतरला, पण त्यातच कान फुटले आणि बरेच महिने वाहत राहिले. मग तेही थांबलं. सत्यभामेने देवापुढे साखर ठेवली आणि तो विषय मनात बंद करून टाकला.

पण सुभद्रा हाकेला लवकर यायची नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लक्ष नाही. महादेवराव म्हणाले, "तंद्री आहे तिला. मोठी झाली की जाईल." सत्यभामा म्हणायची, "ती विचार करत असते." आणि असं म्हणता म्हणता मुलीला हाक मारायची झाली की ती चार पावलं चालून मुलीच्या समोर जाऊन उभी राहायची. मागून हाक मारणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. का सोडलं, हे तिने स्वतःलाही कधी विचारलं नाही. इतकं बारीक बघणारी बाई, पण तेवढ्या एका जागी ती डोळे मिटून घेत असे.

त्या वर्षी भादव्याची पुनव आली आणि मनकर्णाबाईची नात लीला समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. लीला म्हणजे गल्लीतली खिरापत ओळखणाऱ्यांत पहिली. वाटली डाळसुद्धा तिने दोनदा ओळखलेली.

"काकू, सुबदीले धाडा न भुलाबाईले."

"संध्याकाळची हवा बाधते तिला," सत्यभामा म्हणाली. "आणि कोणाच्या घरचं काय, कसं केलेलं..."

पलीकडे ओट्यावर मनकर्णाबाई शेवंतीच्या माळा ओवत बसल्या होत्या. त्या तिथूनच बोलल्या, "अवं सत्यभामा, पोट्टी हाये का लोणच्याची बरणी? किती झाकून ठेवशीन? बुरशी लागन तिले!"

गल्ली हसली. सत्यभामाही कसनुशी हसली. शेवटी ठरलं की सुभद्रा जाईल, पण सोबत आई जाईल, कंदील घेऊन.

मग रोज संध्याकाळी मी बघू लागलो. सगळ्या मुली फेर धरून टाळ्या वाजवायच्या. सुभद्राची टाळी किंचित मागून पडायची. तिचे डोळे सारखे इतरांच्या हातांवर असायचे. गाण्यातले शब्द ती ओठांनी नुसते हलवायची. मग माझी पाळी येई. ती इतर मुलींसारखं मला कानाशी धरायची, हलवायची आणि मनाला येईल ते नाव घ्यायची. माझ्यात फुटाणे खडखडत असायचे आणि ती म्हणायची, "केळी." मुली पोट धरधरून हसायच्या. ती पण हसायची, कारण बाकीच्या हसत होत्या. मला फार वाईट वाटायचं. इतक्या जवळ, अगदी कानाला लागून मी जीव तोडून वाजत होतो, आणि ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

एके दिवशी माझ्यात भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा भरल्या होत्या. अगदी काठोकाठ. मी जड झालो होतो, आणि सुभद्राचे हात लहान. मला उचलताना तिची तिरपीट झाली. तिने मला छातीशी कवटाळलं, तोल सांभाळायला हनुवटी झाकणावर दाबून धरली आणि तशीच मला हलवलं.

तिचे डोळे एकदम मोठे झाले. ती थांबली. पुन्हा हलवायची मनाई होती, म्हणून ती तशीच उभी राहिली, हनुवटी माझ्यावर घट्ट टेकवून, जणू मी कुठे पळून जाणार होतो.

"शेंगा," ती म्हणाली. "ओल्या."

मित्रांनो, त्या तांबटाने मला कानाशी धरलं त्या दिवसानंतर इतकं सुख मला झालं नव्हतं. माझा आवाज हवेतून तिच्यापर्यंत जात नव्हता. हाडातून गेला.

त्या दिवसापासून तिची हनुवटी आणि मी. शिंगाडे म्हटलं तर शिंगाडे. मुरमुऱ्याचे लाडू तर लाडू. रोज तीच कडी काढायची, तीच वाटायची. वाटताना तिचा चेहरा असा काही फुलायचा की तो नीट दिसावा म्हणून सत्यभामा कंदील आणखी वर धरी. तिला वाटलं, बघा, माझी मुलगी हुशारच आहे. मी म्हणतच होते.

पण लीलाला हे कसं सोसावं? गल्लीतली पहिली मुलगी ती. कोजागिरी जवळ आली होती, आणि एका संध्याकाळी सुभद्राने "सांजोऱ्या" म्हणताच लीलाने तिच्या हातातून मला खेचलं.

"लबाडी करून राहिली हे! हनुवटीनं झाकण उचलते अन् वास घेते!"

"कडी लावलेली आहे न वं," दुसरी कोणी म्हणाली.

"कडी ढिली हाये! मले माहीत हाये, आमच्याच घरचा डबा हाये!" लीला तरातरा सुभद्राच्या मागे गेली. "सांग, उचललं का नाई झाकण? सांग न! काहून बोलत नाईस?"

सुभद्रा पुढे बघत उभी होती, हात अजून मी असल्यासारखे धरलेले. मागे कोणी बोलतं आहे हे तिला कळलंच नाही.

"पाहा! चोर हाये म्हणूनच गप हाये!"

लीलाने तिला खांद्याला धरून वळवलं. त्या झटापटीत मी पायरीवर आपटलो आणि माझ्या डाव्या अंगाला तो पोचा आला. सांजोऱ्या नालीपर्यंत घरंगळल्या. सुभद्रा एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. सगळी तोंडं हलत होती, रागाने हलत होती, आणि का, ते तिला कोणी समोर येऊन सांगत नव्हतं.

मी जमिनीवरून सत्यभामेकडे पाहिलं. तिने ते पाहिलं होतं. मागून एवढी आरडाओरड झाली आणि मुलगी वळली नाही, हे कंदिलाच्या उजेडात, सगळ्या गल्लीसमोर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती पुढे आली, मुलीला उचललं आणि एवढंच म्हणाली, "झोप आली आहे तिला."

त्यानंतर समोरचं दार संध्याकाळी लागू लागलं. गाणी त्या दारावरून पुढे जायची. खिडकीच्या गजांमागे सुभद्राचं तोंड दिसायचं. मुली टाळ्या वाजवायच्या, आणि ती आत एकटी, गजावर बोटं आपटायची. तिचा ताल अजूनही किंचित मागेच असायचा. मला एकच भीती वाटत होती. दार असंच लागलेलं राहिलं तर सत्यभामेला ते खरं कधीच बोलावं लागणार नाही, आणि सुभद्रा जन्मभर त्या गजांमागे 'लक्ष नसलेली' मुलगी म्हणून राहील.

पण पाळी कोणाची चुकत नाही. एका दुपारी मनकर्णाबाई मला घेऊन समोरच्या दारात गेल्या.

"आज तुह्या घरची खिरापत."

"मावशी, यंदा आमच्याकडून राहू द्या," सत्यभामा म्हणाली. "मला बरं नाही."

"मंग सोपं काही कर. गूळ-खोबरं कर."

"तसं नाही. तुम्हांला माहीत आहे काय झालं ते."

"पोट्ट्या भांडल्या, थेच न? माह्या लीलीले मी रट्टा देला त्याचा." मनकर्णाबाईंनी मला उंबऱ्यावर ठेवलं. "डबा वापस नाई नेत मी. भुलाबाई हाये का भाडेकरू, दारातून परत लावाले?" आणि त्या निघूनही गेल्या.

सत्यभामेने मला आत नेलं. सांजोऱ्या तिने सकाळीच करून ठेवल्या होत्या. थाळीत, फडक्याखाली, चुलीपाशी. नको म्हणणाऱ्या बाईने खिरापत मात्र करून ठेवली होती, बघा. ती माझ्याशेजारी बसून वाती वळू लागली. माहेरच्या शेतातला कापूस होता, पांढरा, मऊ. वळता वळता तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. मग फुटाण्यांच्या दुसऱ्या डब्यातून मूठभर फुटाणे आणून माझ्यात टाकले आणि कडी लावली.

कापसाचे दोन बोळे तिने कानात घातले. वरून पदर घट्ट बांधला. मला कानाशी धरून हलवलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग तिने मला मांडीवर घेतलं, वाकली, हनुवटी झाकणावर टेकली आणि हलवलं.

खडखड, खडखड. मी तिच्या दातांतून, गालांतून, कपाळातून वाजलो.

ती हलली नाही. हनुवटी तशीच टेकलेली, डोळे उघडे. तिचा श्वास मला पितळेतून जाणवत होता, आधी जोरात, मग सावकाश. तिच्या मुलीने लबाडी केली नव्हती, हे तिला कळलं. आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं, जे कळू नये म्हणून ती इतके दिवस चार पावलं चालून समोर जात होती.

ती उठली. कानातले बोळे काढले. मागच्या अंगणात सुभद्रा पाठमोरी बसून चिंचोक्यांनी खेळत होती. सत्यभामा दारात उभी राहिली आणि तिथूनच हाक मारली, "सुभद्रा." मग जरा मोठ्याने, "सुभद्रा!" मग घसा ताणून. झाडावरचे पोपट उडाले. सुभद्राने एक चिंचोका उचलला आणि दुसऱ्यावर ठेवला.

 सत्यभामा आत आली, माझ्यातले फुटाणे काढून ताटलीत ओतले, मला रिकामं करून कडी लावली आणि अंगणात नेलं. मुलीच्या समोर बसली. मला दोघींच्या मध्ये धरलं. सुभद्राने सवयीने हनुवटी टेकली. आईनेही दुसऱ्या काठावर टेकली. कपाळाला कपाळ लागलं.

"सुभद्रा," ती माझ्यात बोलली.

मुलगी दचकली. तिने हनुवटी उचलली, माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पुन्हा टेकली.

"सुभद्रा. माझी बाय ती."

"आई," सुभद्रा हळूच म्हणाली, "डब्यात तू आहेस?"

त्या दुपारी माझ्या झाकणावर जे पाणी पडलं ते मी कोणाला सांगितलं नाही. पितळेवर खाऱ्या पाण्याचे डाग राहतात, एवढंच सांगतो.

दिवेलागण झाली. मुली आल्या. लीला सगळ्यांत मागे, आजीने ढकलून आणलेली. शेजारच्या आया ओट्यावर बसल्या. गाणी झाली, आणि सत्यभामा मला घेऊन पुढे आली.  महादेवराव आत वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनीही ते खाली ठेवलं.

"मुलींनो, आधी माझं ऐका," ती म्हणाली.  "आमच्या सुभद्राला कानांनी फार कमी ऐकू येतं. गोवरानंतर तसं झालं. ते मला कळत होतं, आणि मी कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी लीला मागून बोलली ते तिला कळलंच नाही. ती वास घेत नाही. ती हनुवटीने ऐकते. तुम्हीही ऐकून बघा."

 एखादी बाई चुकचुकली, आणि मनकर्णाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ते चुकचुकणं तिथेच विरलं.

"कापूस द्या, काकू," लीला म्हणाली. "मी पाह्यतो पयले."

मग काय विचारता! सगळ्यांच्या कानांत बोळे. एकेकीने हनुवटी टेकली, हलवलं, आणि काहीच वाजेना. नुसती सैल कडी टिकटिक करायची. कोणी म्हणालं वाटली डाळ. कोणी म्हणालं शिरा. लीला कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "दहीभात!" मनकर्णाबाईंनीही बोळे घातले आणि हनुवटी लावली. "माय वं, माह्या तर मोडक्या दातात कडी वाजून राहिली!" त्या ओरडल्या. कानात कापूस, त्यामुळे ते देवळापर्यंत गेलं असावं.

शेवटी सुभद्रा आली. तिने मला छातीशी धरलं, हनुवटी टेकली, हलवलं. थोडा वेळ ऐकत राहिली.

"काही नाही," ती म्हणाली. "मघाशी आई होती. आता कोणीच नाही."

"डबा रिकामा कधी असते का?" लीला म्हणाली आणि नियम मोडून तिनेच कडी काढली.

मी रिकामा होतो.

सत्यभामेने कपाळाला हात लावला. फुटाणे काढले होते, सांजोऱ्या भरायच्या राहून गेल्या होत्या! गाळलेल्या पाण्यावरही झाकण आहे ना म्हणून दोनदा बघणारी बाई, आणि गल्लीची खिरापत चुलीपाशी थाळीत तशीच पडली होती.

"अवं कालिजवाली!" मनकर्णाबाई हसून हसून ओट्यावर लवंडल्या. "भुलाबाईले उपाशी मारतं का वं! मुलीले झाकून ठेवलं अन् खाऊ उघडा!"

सगळी गल्ली हसली. सत्यभामा हसता हसता डोळे पुसत होती. आणि सुभद्राने थाळी आणून आपल्या हाताने सगळ्यांना सांजोऱ्या वाटल्या, कारण बरोबर तिचंच आलं होतं. लीलाला तिने दोन दिल्या. लीलाने एक खाल्ली, एक हातात धरून ठेवली, मग सुभद्राच्या अगदी समोर येऊन, ओठ मोठे मोठे हलवत म्हणाली, "उद्या माह्या बाजूनं उभी राय. टाळी मी तुह्याच हातावर मारीन."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा सुभद्राची टाळी सगळ्यांबरोबर पडली.

पुढचं थोडक्यात सांगतो. सत्यभामेने शाळेत जाऊन मुलीला बाईंच्या समोरची जागा मागून घेतली. डॉक्टरांनी तपासलं, एका कानाने थोडं ऐकू येत राहिलं, दुसऱ्याने नाही. समोर राहून बोलायची सवय सगळ्या गल्लीला लागली. सत्यभामा काही बदलली नाही, विहिरीवरची फळी सरकली की अजून भांडायची. पण दार पुन्हा लागलं नाही. आणि दर वर्षी एक संध्याकाळ कापसाची ठरली. त्या दिवशी सुभद्राला हरवणं कोणाला जमलं नाही.

तिचं लग्न अकोल्याला झालं. म्हाताऱ्या मनकर्णाबाईंनी मला चिंचेने घासलं, कल्हई करून आणली आणि तिच्या रुखवतात ठेवलं. "माह्या रुखवतातला, आता तुह्या," एवढंच म्हणाल्या.

इथे माझे दिवस आधी बरे गेले. मग हलके जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे डबे आले. मी जड. माझी कल्हई उडाली, मला हिरवा कळंक चढला. लढाईच्या दिवसांत जुनं तांबं-पितळ घेणारा दाराशी आला, तेव्हा घरच्या कोणीतरी मला ढिगात टाकलं. त्याच वेळी सत्यभामा लेकीकडे आली होती. केस पांढरे व्हायला लागलेले, पण नजर तीच. आल्या आल्या तिने ढीग पाहिला, खाली बसली, मला उचललं.  झाकणावर हनुवटी टेकली. तेवढ्यात सुभद्रा दारात आली आणि तिने ते पाहिलं. त्या दिवसापासून मी या फळीवर आहे.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. घरातल्या जुन्या भांड्याला वर्षातून एकदा चिंच-राख दाखवा, कल्हई करा, आणि मोडीत टाकण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा की ते कोणाचं आहे. आणि तुमच्या हाकेला कोणी वळलं नाही, तर लांबून पुन्हा ओरडू नका, रागावूही नका. उठा, चालत जा, समोर बसा.

आता भादव्याची पुनव जवळ आली आहे. सुभद्राची धाकटी काल माझ्यातल्या गुंड्या काढून परडीत ओतत होती, आणि आई तिला त्या मोडक्या सुईची आठवण करून देत होती. या घरची पाळी कधी आहे ते विचारून ठेवा आणि दिवेलागणीला या. कापूस इथे मिळेल. आत काय आहे ते मी सांगणार नाही. हनुवटी टेका.